शांप्लँ नेमका कुठला?

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर इएर-ब्रुआज नावाची छोटी ग्रामपालिका होती. 1 जानेवारी 2019 रोजी ती शेजारच्या मारेनमध्ये विलीन झाली आणि नव्या पालिकेचं नाव ठरलं मारेन-इएर-ब्रुआज. नाव लांबलचक आहे खरं, पण मला हा निर्णय पटतो. या गावाचं बंदर केव्हाच गेलंय. नावही गेलं असतं तर फार नुकसान झालं असतं.

ब्रुआज 1555 मध्ये वसलं ते मिठाच्या जिवावर. आसपासच्या मिठागरांतलं मीठ जहाजांतून उत्तर युरोपात जायचं, कारण तिथे मासे खारवायला ते लागायचं. मीठ म्हणजे पैसा. म्हणून धर्मयुद्धांच्या काळात 1570 मध्ये प्रोटेस्टंटांनी गाव घेतलं आणि 1577 मध्ये कॅथलिकांनी ते परत घेतलं. दोन्ही बाजूंच्या तोंडी धर्म होता, पण नजर मिठावरही असणारच! पुढे कार्डिनल रिशलियने भक्कम तटबंदी बांधली. ती अजून उभी आहे, समुद्र मात्र गाळामुळे मागे हटला. मिठागरांत गवत आलं, गुरं चरू लागली. मारेनच्या बाजूला जुन्या मिठागरांच्या कुंडांत आता कालवं वाढवतात.

क्वेबेक शहर 1608 मध्ये वसवणारा सॅम्युएल द शांप्लँ याच गावचा. त्याच्याबद्दलचा सगळ्यात चिवट वाद धर्माचा आहे. सॅम्युएल हे बायबलच्या जुन्या करारातलं नाव, आणि तेव्हा फ्रान्समध्ये अशी नावं प्रामुख्याने प्रोटेस्टंट घरांत ठेवत. 2012 मध्ये ला रोशेलच्या प्रोटेस्टंट नोंदवहीत 1574 सालची एका सॅम्युएलच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. आईबापांची नावं जुळतात, आडनाव मात्र थोडं वेगळं लिहिलंय. मोठेपणी हाच माणूस कॅथलिक होता, 1615 मध्ये त्याने कॅनडात कॅथलिक धर्मोपदेशक नेले. मग तो आमचा की तुमचा, हे सुरूच.

नावावरून माणसाचा हिशोब लावायची ही खोड मला चांगली ठाऊक आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. नाव ऐकून लोक विचारतात, 'सर, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' कसं म्हणजे काय? घरातलंच आहे.

शांप्लँने स्वतः काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1603 च्या प्रवासावरच्या पुस्तकात मुखपृष्ठावर त्याने आपल्या नावापुढे गावाचं नाव लावलं: ब्रुआजचा. धर्म लिहिला नाही.

गावच्या चर्चमध्ये त्याच्या कॅनडातल्या कामगिरीची रंगीत काचचित्रं आहेत. ती पाहावीतच. पण मला विचाराल तर आधी तटावर चढावं आणि जिथे मिठागरं होती तो दलदलीचा पट्टा पाहावा. चर्च नंतर.