पेन्सिलची नोंद

परवा नात पुण्याहून बारामतीला आली ती तारवटलेल्या डोळ्यांनी. ऑफिसात जुन्या नोंदी काढून टाकायला एक स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच लिहून ठेवलेली कामाची कृती) रात्री चालवली होती. लाखो नोंदी, ट्रान्झॅक्शन एकच. निम्म्यात लॉगची जागा संपली, सगळ्यांचंच लिहिणं अडलं, आणि झालेलं काम उलटं फिरवण्यात पहाट झाली.

लॉग म्हणजे काय हे तिने सांगितलं तेव्हा मला एकदम तलाठ्याचं दप्तर आठवलं. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या जमिनीला वडिलांच्या पश्चात वारस लागले, ती नोंद आधी फेरफार वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये गेली. हाती लिहायच्या काळात सातबाऱ्यावर तोवर फक्त पेन्सिल. नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मंडल अधिकाऱ्यांनी प्रमाणित केल्यावर शाई. नामंजूर झाली तर पेन्सिल खोडायची.

"आजोबा, हाच लॉग!"

काम पक्कं होईपर्यंत त्याच्या आरंभापासूनची लॉगची पानं मोकळी करता येत नाहीत, परत फिरायला तीच लागतात. म्हणून आता पाच-पाच हजार नोंदी काढायच्या आणि दरवेळी कमिट करायचं, असं तिने ठरवलंय. मात्र बाहेर आधीच एखादं ट्रान्झॅक्शन उघडं असेल, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये आतल्या कमिटला काही अर्थ नाही. जागा सुटत नाही. फुल रिकव्हरी असेल तर मध्ये मध्ये लॉगचा बॅकअपही हवाच. तिचा एक सहकारी म्हणतो, डिस्क मोठी घ्या. हे काही मला पटत नाही. वही जाड केल्याने न मिटलेलं प्रकरण मिटतं होय?

पण तुकडे पाडण्याचं मला तिच्याइतकं सोपं वाटत नाही. गावभरच्या वारसनोंदी एका फेरफारात घालणं हा वेडेपणाच. उलट वडिलांचं नाव आज कमी केलं आणि मुलांची नावं उद्या चढवली, तर रात्रभर जमीन कुणाची? तुकडा कुठे पाडायचा हे आकड्यावर ठरू नये, ज्याचं दप्तर आहे त्याला विचारून ठरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. (मास्तरकीची सवय, असो.)

मी सहज विचारलं, "तुझ्या त्या पाच हजारांत एखादी पावती जाते आणि तिच्या खालच्या ओळी मागे राहतात, असं तर होणार नाही ना गं?"

चहा तसाच ठेवून तिने लॅपटॉप उघडला.