ताणावरची बाग आणि मोका तपासणी

आंबे बहार धरणाऱ्या डाळिंब बागायतदारांची यंदाची पत्रं तेल्यावर नाहीत, मरीवर नाहीत, भावावरही नाहीत. ती आहेत ठिबकच्या मोका तपासणीवर. बाग ताणावर सोडलेली, चार-सहा दिवसांत इथ्रेल मारायचं ठरलेलं, आणि फोन येतो : 'उद्या येतोय, संच चालू ठेवा.' ड्रीपरमधून पाणी पडतानाचा फोटो हवा, तोही अक्षांश-रेखांशासह.

पाणी सोडावं तर ताण तुटतो. सोडलं नाही तर 'संच कार्यान्वित नाही' असा शेरा बसून अनुदानाचा प्रस्ताव मागे जातो. सांगोल्याकडच्या एका वाचकाने कडेच्या दोनच ओळींचा व्हॉल्व्ह उघडून दाखवला. साहेबांना सगळं क्षेत्र ओलं हवं होतं. शेवटी सोडलंच पाणी. आता झाडांना फूट भरपूर आहे, कळी शोधावी लागते. 'प्रति थेंब अधिक पीक' या नावाची योजना २०१५-१६ पासून चालू आहे; थेंब कधी टाकायचा नाही, हे ठरवायचं मात्र राहून गेलं.

हलक्या जमिनीला ३०-३५ दिवस आणि भारीला ४०-४५ दिवस ताण लागतो, हे कृषी खात्याच्याच घडीपत्रिकांत छापलेलं असतं. मग महाडीबीटीच्या अर्जात बहाराचा एक रकाना घालायला काय हरकत आहे? पूर्वसंमती मिळाल्यावर आपण ३० दिवसांत संच बसवायचा, दुकानदाराला पूर्ण रक्कम मोजायची आणि मग वाट पाहायची. तपासणाऱ्याला मात्र मुदतीची घाई नाही. मार्चअखेर जवळ आली की सगळ्यांना एकदम जाग येते. कृषी सहाय्यकाचा सहायक कृषी अधिकारी झाला, गावं तेवढीच राहिली. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, तपासणीचं अ‍ॅप त्याने बनवलेलं नाही.

अल्प-अत्यल्पभूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान हे आकडे फलकावर छान दिसतात. ते मापदंडाच्या रकमेवर आहेत, आपल्या बिलावर नव्हेत. त्यात एक बहार गेला तर हिशेब कोणी करायचा?

एक मात्र स्पष्ट लिहितो. पाणी पडताना दाखवा, ही अट आकाशातून पडली नाही. तपासणी झाली की लॅटरल गुंडाळून भावाच्या गटात पसरणारे आणि तिथेही फोटो काढून घेणारे आपल्यातच आहेत. गावाला ते माहीत असतं, आणि गाव गप्प बसतं. त्यांची वकिली हे मासिक करणार नाही.

बाकीच्यांनी आता हातावर हात ठेवून बसू नये. ताण सुरू करण्याआधी तालुका कार्यालयात लेखी अर्ज द्या : ताणाची तारीख, पहिल्या पाण्याची तारीख, तपासणी त्याआधी किंवा नंतर करावी. पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि येत्या १० तारखेपर्यंत आम्हाला चार गोष्टी कळवा : अर्ज क्रमांक, बिलाची तारीख, ताणाचा कालावधी, तपासणीची तारीख. तालुकावार यादी करून कृषी आयुक्तालयात नेतो. सातबारा नको, आधारची झेरॉक्स तर मुळीच पाठवू नका.