मिडगार्डचा सर्प आणि पृथ्वीचा आकार



नॉर्वे, स्वीडन, आइसलंड या उत्तरेकडील देशांच्या पुराणकथांत एक प्रचंड सागरसर्प आहे. लोकी नावाच्या कपटी देवाचे हे अपत्य. देवांचा प्रमुख ओडिन याने त्याला समुद्रात फेकून दिले. तेथे तो इतका वाढला, की सगळ्या भूमीला वेढा घालून त्याने आपलीच शेपटी तोंडात धरली. माणसांच्या जगाला या कथांत मिडगार्ड म्हणतात; म्हणून हा मिडगार्डचा सर्प. आइसलंडच्या स्नोरी स्टर्लुसनने सुमारे इ. स. १२२० मध्ये या कथा लिहून ठेवल्या. थॉर हा देव गळाला बैलाचे मुंडके लावून या सर्पाला वर ओढतो, तो प्रसंग तर फारच बहारीचा आहे.

वर्गात ही कथा सांगितली तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे पृथ्वी गोल आहे हे या कथेवरून सिद्धच होते!" त्याचा उत्साह मला आवडला, पण अनुमान पटले नाही.

एक दोरा घ्या. तो चेंडूभोवती गुंडाळता येतो, तसाच ताटाभोवतीही. मग नुसत्या वेढ्यावरून आत चेंडू आहे की ताट, हे कसे ठरणार? कथा दोन्हींना सारखीच लागू पडते.

आता दुसरे उदाहरण पाहा. इ. स. पूर्व ३ऱ्या शतकात एरॅटोस्थेनीसला कळले, की इजिप्तमधील सायीन गावी उन्हाळ्यात एका दिवशी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्याच वेळी उत्तरेस अलेक्झांड्रियात मात्र सूर्य सुमारे ७.२ अंश कललेला असतो. सूर्य फार दूर असल्याने त्याचे किरण समांतर येतात. पृथ्वी सपाट असती, तर दोन्हीकडे सावली सारखीच पडली असती. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा ५०वा भाग. म्हणून दोन गावांमधील अंतराला ५० ने गुणून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. जे चूक ठरू शकले असते आणि तरी टिकले, ते विज्ञान.

आपल्याकडे शेषाच्या मस्तकावर पृथ्वी आहे. त्या कथेलाही मी हाच नियम लावतो. कथेला हसू नये आणि तिच्यात ओढूनताणून विज्ञानही शोधू नये. तसे केले, तर कथेची गोडी जाते आणि ज्याने खरोखर मोजमाप केले, त्याचे श्रेय बुडते.

मात्र कथेवर गणित जरूर करावे! पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने धावतो असे धरा. सर्पाने स्वतःचीच शेपटी चावली, तर ती वेदना मेंदूपर्यंत पोचायला ४,००,००० सेकंद लागतील. त्याचे दिवस किती होतात, ते तुम्हीच काढा.