करड्या भिंतीची कैफियत

घराच्या भिंतीला गडद करडा रंग द्यावा असे कोणी सुचविले की वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर प्रथम शंकेची छाया उमटते. कारण भिंत म्हणजे चुन्याची सफेदी, फार तर तीत थोडी नीळ किंवा पिवडी, आणि काळसर जे जे दिसेल ते धुराचे, ओलीचे वा दुर्लक्षाचे लक्षण, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. परंतु देशावरच्या माणसाने वाड्याचे जोते, अंगणाच्या पायऱ्या आणि नदीचे घाट ज्या कातळातून घडविले, तो दख्खनचा कातळ मूळचाच गडद करडा असून वेरूळचे कैलास लेणेही त्याच पाषाणात कोरलेले आहे. पायाखालची शहाबादी फरशीसुद्धा छटेने त्याच्या जवळचीच. तेव्हा हा वर्ण आपल्या घराला परका नाही. तो आता जमिनीवरून भिंतीवर चढू पाहत आहे, आणि त्याला मंजुरी द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅरिस येथील गोबलँच्या प्रसिद्ध विणकामशाळेत रंगाईचा कारभार पाहणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांत वापरलेले काळे सूत निस्तेज दिसते अशी तक्रार गेली असता, त्यांनी सविस्तर चौकशी करून असा निर्वाळा दिला की दोष सुताच्या रंगाईचा नसून शेजारच्या रंगांचा आहे. आणि १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक कशी टाकतो, हे त्यांनी तपशिलाने मांडले. शुभ्र भिंतीपुढे ठेवलेली वस्तू असते त्याहून काळवंडलेली दिसते, पिवळ्या भिंतीपुढे तिच्यावर निळसर झाक येते; पण कोणत्याच बाजूस न झुकणाऱ्या करड्या भिंतीपुढे पितळेची समई पितळेचीच दिसते आणि सागवानी कपाटाच्या रेषा उठून येतात. रंगीत छपाईचे नमुने जेथे तपासतात तेथील परिसर तटस्थ करडा ठेवण्याचा दंडक आहे, तो याच कारणासाठी.

मात्र ही तटस्थता डब्यात तयार मिळत नाही. पांढऱ्यात नुसता काजळीचा काळा मिसळला तर करडा निळसर होतो, म्हणून जाणता रंगारी त्यात पिवडीचा वा गेरूचा अंश घालून त्याला मध्यावर आणतो. आणि एवढे करूनही अखेरचा निकाल रंगारी देत नाही. तो प्रकाशाच्या हाती असतो. अल्बर्ट मन्सेल यांच्या शून्य ते दहा या उजळपणाच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीचा करडा पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत करतो, तर ताजी पांढरी भिंत ८० टक्क्यांहून अधिक. म्हणजे भिंत गडद करणे हा केवळ शोभेचा प्रश्न नसून खोलीच्या प्रकाशाचा अंदाजपत्रकी प्रश्न आहे. शिवाय घरोघर लावल्या जाणाऱ्या ६५०० केल्विनच्या निळसर दिव्याखाली जो करडा थंड आणि उदास वाटतो, तोच २७०० केल्विनच्या दिव्याखाली तपकिरीकडे झुकून उबदार होतो. उत्तरेच्या खिडकीत तो निळावतो, पश्चिमेच्या उन्हात पिवळावतो. सबब माझा आग्रह असा, की आधी दिवा ठरवावा आणि मग रंग. आणि छटापत्रिकेतील बोटभर चौकोनावर विश्वास न ठेवता मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सकाळी, तिसऱ्या प्रहरी आणि दिवे लागल्यावर निरनिराळ्या भिंतींवर टेकवून पाहावा. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट पट्टा मारून पाहणे फसवे, कारण शेव्हरल यांनी सांगितलेले शेजारधर्माचे खेळ तेथेही चालतात. पुठ्ठ्याभोवती पांढरी कड ठेवली तर ते पुष्कळसे आवरतात.

कामाविषयी थोडे. गडद रंग काही झाकत नाही; उलट लांबीतील प्रत्येक उंचवटा आणि घासकागदाचा प्रत्येक ओरखडा तो तिरप्या प्रकाशात उघड करतो, चकाकीचा रंग घेतल्यास विशेषच; म्हणून मॅट घ्यावा, जरी त्यावर हात लागून उठलेले डाग सहज पुसले जात नाहीत. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि लोणा फुटतो, तिच्या ओलीचा बंदोबस्त झाल्याखेरीज हा रंग देऊच नये, कारण क्षाराची पांढरी बुरशीसारखी नक्षी त्यावर दुरूनही दिसते. खिडकी असलेली भिंत सोडून तिच्या समोरची भिंत निवडावी. कारण गडद भिंतीतल्या खिडकीतून येणारा उजेड डोळ्यांवर येतो. छत पांढरेच असू द्यावे. आणि ज्या खोलीत वृद्ध आईवडिलांचे वाचन चालते, तेथे ही हौस करू नये, कारण उतारवयातील डोळ्याच्या पडद्यापर्यंत तरुणपणापेक्षा कितीतरी कमी प्रकाश पोहोचतो, आणि त्यांच्या वाट्याचा उजेड भिंतीने गिळावा हे मला मान्य नाही.