कृष्णा खोऱ्याचं प्राधिकरण कुठं अडलं?

1956 म्हटलं की आपल्याला 1 नोव्हेंबर आठवतो. काळा दिन, फेरी, दंडावरची काळी फीत. पण त्याच वर्षी संसदेनं नद्यांसाठीही दोन कायदे केले, त्यांची आपल्यात चर्चाच होत नाही. एक आंतरराज्य पाणीतंट्यांचा. दुसरा नदी मंडळांचा. दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीसाठी केंद्रानं मंडळ नेमायचं आणि त्यानं दोन्ही सरकारांना सल्ला द्यायचा, अशी त्याची कल्पना. या दुसऱ्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ झालेलं नाही. तंट्याचा कायदा मात्र जोरात चालला!

त्यातूनच 1969 मध्ये बच्छावत लवाद आला. 1973 च्या निवाड्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्रला 800 टीएमसी पाणी मिळालं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. लवादानं दोन योजना मांडल्या होत्या, हे कमी जणांना ठाऊक असतं. पहिलीत नुसती वाटणी होती. दुसरीत, म्हणजे 'ब' योजनेत, अख्ख्या खोऱ्यासाठी एक कृष्णा खोरे प्राधिकरण होतं. त्यावर राज्यांचं एकमत झालं नाही. अंमलात आली ती पहिली.

मग ज्यानं त्यानं आपापलं महामंडळ काढलं. निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होणार होता, तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवून वापरायची सगळ्यांना घाई. कर्नाटकानं 1994 मध्ये कृष्णा भाग्य जल निगम आणि 1998 मध्ये कर्नाटक नीरावरी निगम काढलं. महाराष्ट्रानं 1996 मध्ये पुण्यात कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं केलं. रोखे काढून लोकांकडून पैसा उचलला, ढीगभर कामं एकदम सुरू केली. त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं रखडली. पुढं 2012 मध्ये सिंचनाच्या खर्चावरून केवढा गदारोळ झाला, ते घरच्यांना विचारा. नावात 'खोरे' आहे खरं, पण या महामंडळाचं काम राज्याच्या हद्दीला येऊन थांबतं. खोरं काय तिथं थांबत नाही.

आता आपल्या नद्या बघा. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण राधानगरी तालुक्यात, प्रकल्प दोन्ही राज्यांचा. वेदगंगा भुदरगड-कागलकडून निपाणीच्या बाजूला उतरते, यमगर्णीला तिचं पाणी चढलं की महामार्गच बंद. हिरण्यकेशी आंबोलीची, आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. हिडकलमध्ये साठणाऱ्या घटप्रभेत चंदगडचा पाऊस असतो, आणि तेच पाणी बेळगावच्या नळाला येतं. वरचा पाऊस मोजणारे एका सरकारचे, खालचा पूर सोसणारे दुसऱ्या सरकारचे. पुराच्या दिवसांत मंत्री, अधिकारी एकमेकांना फोन करतात, बैठका घेतात. पाणी ओसरलं की तेही ओसरतं.

आपल्या अनगोळातली गोष्ट तर याहून लहान. बळ्ळारी नाला फुगला की अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातलं भात पाण्याखाली. हा नाला पुढं मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. म्हणजे आपला बांधही कृष्णा खोऱ्यातच आहे की. नाल्याचा गाळ कुणी काढायचा यावरून एका शहरातली खाती एकमेकांकडं बोट दाखवतात, मग दोन राज्यांचं काय सांगावं?

एक संस्था काढली की सगळं सुटतं, असंही नाही. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना घेऊन 1948 मध्ये बंगाल-बिहारसाठी दामोदर खोरे महामंडळ निघालं. ठरलेल्या धरणांपैकी सुरुवातीला चारच झाली आणि पुढं ते मुख्यतः वीज कंपनीच बनून गेलं. तरीही पाणी कधी, किती सोडायचं यावर दोन राज्यांना एका टेबलाशी बसावं लागायचं, हे तिथं बरीच वर्षं टिकून होतं. आपल्याकडं ते टेबलच नाही.

सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो चालायचा तेवढा चालेल. दूधगंगा-वेदगंगा-हिरण्यकेशी-घटप्रभेसाठी नदी मंडळ मागायला त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. 1956 चा तो कायदा अजून पुस्तकात आहे, आणि राज्य सरकारनं मागणी केली तर केंद्राला मंडळ नेमता येतं. कागल-चंदगडच्या आमदारांना आणि निपाणी-बेळगावच्या आमदारांना एकच पत्र जाऊ दे. मराठीत एक प्रत, कन्नडमध्ये एक प्रत.