बारावीत विषय सोडणाऱ्या मुलांना एक कागद द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. अकरावीचा निकाल लागल्यापासून बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत आमच्या स्टाफरूमच्या दारात एकच प्रश्न येत असतो, ‘मॅडम, मॅथ्स ठेवू का सोडू?’ अकरावीला पीसीएमबी घेतलेली मुलं बारावीच्या तोंडावर एक विषय कमी करायला निघतात. काही जण बायो सोडून इंजिनिअरिंगकडे वळतात. त्याहून कितीतरी जास्त मुलं गणिताच्या जागी भूगोल घेतात आणि नीटच्या तयारीला लागतात. वाणिज्य शाखेत हाच प्रश्न ‘मॅथ्स का एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)’ असा विचारला जातो. सतरा वर्षांचं मूल हा निर्णय घेतं आणि तो मंडळाच्या गुणपत्रिकेवर कायमचा नोंदला जातो, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. विषय सोडणं म्हणजे पळ काढणं, असं मी मानत नाही. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात. डॉक्टर व्हायचं मनापासून ठरवलेल्या मुलीने बारावीच्या गणिताची दोन्ही पुस्तकं, त्यातलं इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर्स हे सगळं बाजूला ठेवून तो वेळ बायो आणि केमिस्ट्रीला दिला, तर तिचं काहीच चुकलं नाही. गणिताच्या धास्तीने ज्याची झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, त्यालाही मी स्वतःच सांगते की सोड बाळा. विषयापेक्षा मूल मोठं आहे. माझी तक्रार सोडण्याबद्दल नाही. मूल ज्या आधारावर सोडतं, तो आधार फार कच्चा आहे, ही माझी तक्रार आहे.

बहुतेकांचा आधार असतो अकरावीचे गुण. दहावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेलं मूल अकरावीला चाळीसवर येतं आणि घरात जाहीर होतं की याला गणित झेपत नाही. पण त्या वर्षात नेमकं काय घडलं, हे कुणी पाहत नाही. आमच्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावी सायन्सला पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचं लेखन इंग्रजी. गणित अडलं आहे की भाषा अडली आहे, हे त्या मुलाला स्वतःलाही सांगता येत नाही. त्याच उदाहरणाची मराठीत फोड करून दिली की तेच मूल पुढच्या दोन पायऱ्या आपणहून लिहितं, हे मी वर्गात सतत पाहते. त्यात अकरावीचं वर्षही आखूड. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, ऑगस्ट उजाडला तरी वर्गात नवी मुलं येत असतात. ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया 2025-26 पासून सगळ्या राज्याला लागू झाल्यावर आमच्यासारख्या लहान गावांनीही हे अनुभवलं. उशिरा आलेल्या मुलाच्या हातून सुरुवातीचे धडे निसटतात आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं असतं. अशा वर्षातल्या एका घटक चाचणीवर आणि एका वार्षिक परीक्षेवर दोन वर्षांचा नव्हे, पुढच्या सगळ्या शिक्षणाचा निर्णय होतो.

दुसरा आधार ऐकीव माहितीचा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीला गणित असण्याची अट सैल केल्याच्या बातम्या आल्या. त्यावर वाद झाला, खुलासे झाले. गावात मात्र ‘आता इंजिनिअरिंगला मॅथ्स लागत नाही’ एवढंच वाक्य पोचलं आणि ते अजून फिरतं आहे. इकडे एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात निम्मे गुण, म्हणजे 200 पैकी 100, एकट्या गणिताचे आहेत. गणित सोडलं तरी सैन्यात जाता येतं, असंही मुलं सांगतात. एनडीएच्या आर्मी विंगला बारावीची कुठलीही शाखा चालते, हे खरंच आहे. पण प्रवेशाच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे असतात, हे त्यांना माहीत नसतं. वाणिज्यमध्ये गणिताऐवजी एसपी घेणाऱ्या अनेकांना पुढे सीए करायचं असतं. सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, हे त्यांना क्लासची फी भरल्यावर कळतं. इंडेक्स नंबर, रिग्रेशन, ॲन्युइटी हे सगळं आपल्या मंडळाच्या वाणिज्य गणिताच्या पुस्तकात असताना ते सोडून मुलं पुढे तेच पैसे मोजून शिकतात.

नीटसाठी गणित सोडणाऱ्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. देशात वीस लाखांहून अधिक मुलं या परीक्षेला बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. बाकीची मुलं कुठे जातात? काही आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपीला जातात. काही पुन्हा नीट देतात. आणि काहींना निकालानंतर आपली दुसरी आवड आठवते. एखादीला आर्किटेक्चर करायचं असतं, एखाद्याला संख्याशास्त्रात बी.एस्सी., कुणाला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा द्यायची असते. तिथे बारावीला गणित हवंच. बी.फार्म आणि कृषी हे रस्ते गणिताशिवायही खुले असतात, पण तेही कुणी आधी सांगितलेलं नसतं. त्यामुळे काही मुलं उगाच घाबरून नको असलेलं गणित ओढत राहतात. दोन्हीकडून नुकसान मुलांचंच.

तिसऱ्या आधाराबद्दल लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायला हवं. काही ठिकाणी निर्णय मुलाचा नसतोच. गणिताचे शिक्षक नाहीत, किंवा वेळापत्रकात गणित आणि बायो एकाच तासाला येतात, किंवा महाविद्यालयाला शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा असतो. मग कच्च्या मुलांना हळूच सांगितलं जातं की भूगोल घ्या, मार्क चांगले पडतील. मुलींच्या बाबतीत घरातूनच सूर लागतो की पोरीच्या जातीला एवढं गणित कशाला. आमच्या भागात हे मी वारंवार ऐकते आणि दरवेळी मला राग येतो. भूगोल हा उत्तम विषय आहे. पण तो आवडीने घ्यावा, कुणाच्या निकालाची टक्केवारी सावरायला नव्हे.

आता मंडळाकडे मागणं. विषय बदलाचा अर्ज आमच्या कार्यालयात अर्ध्या पानाचा असतो. जुना विषय, नवा विषय, पालकांची सही. त्याला जोडून मंडळाने दरवर्षी एक छापील पान द्यावं, साध्या मराठीत. हा विषय सोडलात तर यंदाच्या नियमांनुसार कोणत्या अभ्यासक्रमांना अर्ज करता येणार नाही आणि कोणत्यांना येईल, एवढंच त्यात असावं. सीईटी कक्ष, तंत्रशिक्षण संचालनालय आणि आयुर्विज्ञान आयोग यांचे नियम बदलत असतात. ते एका जागी आणण्याचं काम एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातलं नाही, मंडळाच्या आवाक्यातलं आहे. पालकांनी ते पान वाचून खाली सही केल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये.

त्याच पानावर परतीची वाटही छापावी. बारावी झाल्यावर तुरळक विषय घेऊन परीक्षेला बसण्याची सोय मंडळाकडे आहे. फॉर्म भरण्याच्या प्रत्येक जाहीर प्रकटनात तुम्ही तिचा उल्लेख करता, तरी माझ्या पाहण्यातल्या पालकांपैकी जवळजवळ कुणालाच ती ठाऊक नाही. बायो सोडलेल्यांसाठी 2023 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने मोठा निर्णय घेतला. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसता येतं. हे ठाऊक नसल्यामुळे वर्ष वाया गेलं असं समजून रडणारी मुलं मला भेटतात. राहिलेला विषय पुढे कधी देता येतो, त्याचा फॉर्म कुठे मिळतो, प्रात्यक्षिकाचे गुण कसे धरतात, एवढं कळलं तरी त्यांच्यातली निम्मी भीती जाईल.

आणि निर्णयाला थोडा अवधी द्या. बारावीची पहिली घटक चाचणी होईपर्यंत मुलाला विषय बदलता यावा आणि ती मुदत नऊही विभागीय मंडळांत एकच असावी. बारावीचा पहिला धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा, दुसरा मॅट्रिसेसचा. अकरावीत मागे पडलेल्या मुलालाही हे दोन्ही धडे नव्याने धरता येतात, कारण त्यांना मागचा आधार फार कमी लागतो. या दोन धड्यांत जमलं तर मूल टिकतं, असा माझा अनुभव आहे. नाही जमलं, तर निदान नीट पारखून ते विषय सोडतं.

येत्या जूनमध्ये आमच्या कार्यालयात पुन्हा ते अर्धं पान वाटलं जाईल. त्याआधी दुसरं पान तयार व्हावं, ही विनंती. मजकूर लिहायला माणसं हवी असतील तर राज्यभरातले आम्ही गणिताचे आणि जीवशास्त्राचे शिक्षक सुट्टीत विनामोबदला बसायला तयार आहोत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक गणित शिक्षिका