उमेदवारीचा एबी फॉर्म तुमच्याच हातात आहे

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे अध्यक्ष आणि उमेदवार ठरवणारी मंडळे



सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाले. राज्यसभेत तर विरोधात एकही मत पडले नाही. 1996 मध्ये पहिल्यांदा मांडलेला हा विषय तडीला जायला 27 वर्षे लागली, आणि तरीही अंमल जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच, असे त्याच कायद्यात लिहिले गेले. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली. 543 खासदारांत महिला आल्या 74. आधीच्या लोकसभेत 78 होत्या. महाराष्ट्रातून 48 पैकी 7. ज्या पक्षांनी विधेयकाला मत दिले, त्यांच्याच उमेदवार याद्यांतून हे आकडे आले आहेत.

तिकीट नाकारताना तुम्ही ‘निवडून येण्याची क्षमता’ पुढे करता. 2019 मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी 7 जागांवर महिला उभ्या केल्या, पाच जिंकल्या. त्यातल्या अस्काच्या प्रमिला बिसोई बचत गटातून पुढे आलेल्या, सत्तरीच्या घरातल्या. त्याच वर्षी तृणमूल काँग्रेसने बंगालमध्ये 42 पैकी 17 तिकिटे महिलांना दिली. तेव्हा कोणताही कायदा त्यांना भाग पाडत नव्हता. पक्षप्रमुखांनी ठरवले, एवढेच.

आमच्याकडे कर्तृत्वाची वाण कधीच नव्हती. गोरेगावच्या बायकांना पाण्यासाठी रस्त्यावर उतरवणाऱ्या मृणाल गोरे, लोकांची ‘पाणीवाली बाई’, 1977 मध्ये लोकसभेत गेल्या. नळावर ताटकळणाऱ्या बाईचा प्रश्न घेऊन लढलेली व्यक्तीच तिथे बसली, हे मला फार मोलाचे वाटते. चिपळूणमध्ये जन्मलेल्या सुमित्रा महाजन इंदूरमधून आठ वेळा निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. गोव्यात शशिकला काकोडकर 1973 मध्येच मुख्यमंत्री झाल्या. वडिलांचा वारसा होता, खरे. पण वारशाने आलेल्या मुलग्यांना वारशाबद्दल कोण विचारतो? महाराष्ट्राने 1960 पासून एकही महिला मुख्यमंत्री पाहिलेली नाही.

आणि माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. 2011 पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. काही ठिकाणी आजही नवराच कारभार हाकतो, हे मी नाकारत नाही. पण ज्यांनी स्वतः ग्रामसभा चालवल्या, टँकर मागवले, जिल्हा परिषदेत निधीसाठी भांडण केले, त्यांचे प्रभागाचे आरक्षण फिरले की तुम्ही त्यांना महिला आघाडीत पाठवता. त्यांच्या अनुभवाची पुढची जागा विधानसभा आणि संसद आहे.

म्हणून विनंती एकच. पुनर्रचनेची वाट पाहू नका. येत्या निवडणुकीत एक तृतीयांश उमेदवारी महिलांना द्या, आणि ती पडणाऱ्या जागांवर नको. गेल्या वेळी तुम्ही जिंकलेल्या मतदारसंघांतून द्या.

आपली,
एक मतदार